सगळा पसारा माझ्या माळ्यावर

मी बोलतेय, पण तुम्हाला नुसती करकर ऐकू येईल. मी कम्प्युटरची हार्ड डिस्क. राजारामपुरीत दीप्तीच्या फ्लेक्स डिझाइनच्या दुकानात, टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम. त्या दुपारच्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून सांगतेय.

माझं काम साधं. दिलेलं जपून ठेवायचं, मागितलं की काढून द्यायचं. स्वयंपाकघरातला माळाच समजा मला. हाताशी लागणारं सामान ओट्यावर, बाकीचं माळ्यावर. आमच्याकडचा ओटा म्हणजे रॅम. बाई चपळ, पण जागा वीतभर. ती वाढवायचं दीप्ती दर दिवाळीला ठरवते आणि विसरते.

ओटा भरला की काय होतं माहितीये? तिथलं सामान गुपचूप माझ्याकडे चढवतात. मीठ लागलं, लावा शिडी. मीठ खाली आणायचं तर हळद वर ठेवा. आणि लगेच हळदच हवी! माझी सुई तबकडीवर नुसती पळत असते. वर पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि माणसांना वाटतं, कम्प्युटर झोपला. अहो, झोपतोय कुठला, इथं श्वास घ्यायला फुरसत नसते.

त्या दिवशी दीप्तीचा भाऊ संग्राम राज्याच्या फुटबॉल संघातून खेळून संध्याकाळी परतणार होता. तो यायच्या आत शिवाजी पेठेतल्या चौकात स्वागताचा फ्लेक्स लागायला हवा होता. दीप्तीच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. मागच्या वर्षी तो पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कप्तान झाला, तेव्हाही फ्लेक्स लागला होता. पण शुभेच्छुकांच्या गर्दीत आईला, तानाबाईंना, लेक सापडलाच नाही. "ह्यात आपला संग्राम कुठला गं?" असं त्या विचारत राहिल्या होत्या.

तालमीचे कारभारी भाऊसो, दीप्ती त्यांना मामा म्हणते, फोटो घेऊन आले आणि मी हबकलेच. एवढे शुभेच्छुक! कुणी गॉगल लावलेला, कुणी फोन कानाला धरलेला, आणि एकेक फोटो अवाढव्य, मोबाइलमधून जसाच्या तसा.

"मामा, एवढी माणसं? मग संग्रामला कुठं बसवू?"

"बसीव की कोपऱ्यात. त्याला सगळी वळखत्यात. पर एकबी शुभेच्छुक सुटला न्हाय पायजे, आणि सगळी एका मापाची. न्हायतर वरीसभर बोलणं बंद हुतंय."

दीप्ती चेहरे बसवत गेली. ओटा कधीच भरला होता. अर्धी मिशी खाली, अर्धी माझ्याकडे. माउस हलवला तर बाण मागाहून यायचा. सेव्ह करायला गेलं की सगळं अडकायचं, म्हणून ती 'शेवटी एकदाच करू' म्हणत राहिली. इथंच चुकलं.

शेवटचा चेहरा बसला आणि पडदा पांढरा पडला. दीप्ती हात जोडून थांबली होती, पण भाऊसोंनी माउस ओढून घेतला आणि क्लिकवर क्लिक केले. प्रत्येक क्लिकला मला आणखी एक हेलपाटा. मग त्यांनी डब्यावर थापा मारल्या.

"अडकलंय न्हवं. बंद करून चालू करूया की," म्हणाले, आणि दीप्ती नको म्हणेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद केलंसुद्धा.

मी सुन्न झाले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या घटकेला तिनं बसवलेले बहुतेक चेहरे माझ्याच अंगावर होते! कम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि कुणीच ते मागितले नाहीत. ओट्यावरून वर आलेलं सामान वीज गेली की कचरा, असा आमच्याकडचा कायदा. माझ्यापाशी आहेत ते, मी ओरडत होते. वर नुसती करकर पोचली.

दीप्तीनं घड्याळ पाहिलं. "आता वेळेत एकच फोटो बसतोय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

चेंडूमागे धावणारा संग्राम तिनं काठोकाठ लावला, खाली त्याचं नाव, बस. ओट्यावर एकच चेहरा. माझ्याकडे शिडी लावावीच लागली नाही, आणि काम इतकं झरझर झालं की मीच चकित झाले. तिनं सेव्ह केलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन छपाईला पळाली.

चौकातलं मी काही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दीप्तीनं मोबाइलमधला एक फोटो माझ्याकडे ठेवला. फ्लेक्ससमोर तानाबाई उभ्या आहेत, टाचा उंचावून लेकाच्या बुटाला हात लावतायत. शेजारी भाऊसो तोंड उघडं टाकून बघतायत.

तेवढ्यात भाऊसो दुकानात आले. आता भांडणार, असं मला वाटलं. पडद्यावरचा फोटो बघून ते खुर्चीत बसले.

"तुझ्या आईनं गल्लीच्या तोंडापासनंच वळखला की गं त्याला," एवढंच म्हणाले.

ते शुभेच्छुक अजून माझ्या अंगावर कुठंकुठं आहेत. त्यांच्यावर रोज नवं सामान चढतंय. मीही आता थकलेय, एखाद्या सकाळी सुरूच होणार नाही. दीप्ती, ओटा तेवढा मोठा कर गं बाई. आणि आईचा तो फोटो माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवू नकोस.