त्रेचाळीस जणांचं रिंगण

मी खुळखुळा बोलतोय! जरा लांबच उभे राहा, हळू बोलायची मला सवय नाही. कोलंबियातल्या बार्रांकिया शहरातल्या एका परसात मी झाडाला लागलेला तुंबा होतो. पोट कोरून आत कर्दळीचं बी भरलं, दांडा ठोकला आणि पहिल्यांदा हलवलं, तर नदीपलीकडच्या गावातल्या कोंबड्यांनी भरदुपारी बांग दिली. मी कशाला खोटं बोलू?

माझा मालक एउस्तोर्जिओ, आमच्या गल्लीच्या कार्निवल पथकाचा म्होरक्या. त्याच्या आजोबांपासूनचा नियम असा, की पथकाने सारख्या रांगांतच नाचायचं. एकही रांग तोकडी नको, सगळ्यांची मिळून एकच रांग नको आणि एकामागे एक अशी शेपूटही नको. जो उरेल तो घरी, आणि घरी जायचं ते सगळ्यात नव्याने.

"तोकडी रांग म्हणजे पडका दात," एउस्तोर्जिओ म्हणे.

बारा जण जमले की मजा. तेरा झाले की रडारड! तेराच्या सारख्या रांगा पाडून दाखवा बरं. सतरा, एकोणीस, तेवीस, सगळे तसलेच अडेल. पण पथक वाढलं तसे हे आकडे विरळ होत गेले आणि मालकाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अजून माणसं जमवू. गर्दी वाढली की ही ब्याद संपेलच."

पहिल्या रांगेत नेरेइदा नाचायची. शाळेत गणित शिकवते ती. ती हसायलाच लागली.

"काका, विरळ होतील, पण संपायच्या नाहीत. मूळ संख्या आहेत त्या. तुम्हाला ठाऊक आहेत तेवढ्या सगळ्या एकमेकींशी गुणा, वर एक माणूस घ्या. आता त्यांतल्या कुठल्याही संख्येच्या रांगा पाडा, एक जण उरणारच. म्हणजे तुम्हाला ठाऊक नसलेली आणखी एक कुठेतरी दडलेली आहेच!"

"दडू दे. एवढी माणसं आपल्या गल्लीत मावायची नाहीत."

मग कार्निवलचा शनिवार उजाडला. ढोल तापले होते. चाळीस जण, आठाच्या पाच रांगा, फक्कड! तेवढ्यात कासिमिरा मावशी आली. कोपऱ्यावर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड पुऱ्या, तळणारी. आजवर सगळा कार्निवल तिने कढईमागून पाहिलेला. यंदा कढई बहिणीच्या गळ्यात मारून, लाल झालरीचा घागरा शिवून ती उभी राहिली. झाले एक्केचाळीस. अडेल!

"आणखी एक आणा रे!" मालक ओरडला.

पथकातला जुना नाचा, रुसून बसलेला खाटीक, त्याला धावत जाऊन आणलं. तो बायकोशिवाय येईना. तीही पथकात जुनीच, ती आली. झाले त्रेचाळीस. पुन्हा अडेल! हे आकडे कधी लांब पळतात, तर कधी असे जोडीने दबा धरून बसतात.

"मावशी, तुम्ही नव्या," मालक नजर चुकवत म्हणाला. "पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी माझे गुडघे येतील का, ते विचारलंस?" मावशी म्हणाली, पण घागरा आवरून निघालीच.

नेरेइदाने तिचा हात धरला. "काका, रांगाच नकोत. रिंगण करा. खुळखुळा दर पाचव्याला फेकायचा. ज्याच्या हाती तो येईल, त्याने मधे नाचायचं. तुमच्यापासून सुरू करा. मावशीला मिळायच्या आत तो तुमच्याकडे परत आला, तर मावशी घरी."

"पाचव्याला? मग मधले नुसते टाळ्या पिटणार!"

"चाळीस असते तर तसंच झालं असतं. आठ जणांत फिरून परत आला असता. आज त्रेचाळीस आहेत. फेका तर खरं!"

मालकाने फेकलं मला, उजवीकडे! मावशी त्याच्या डावीकडे पाचवी. पहिली फेरी, मी तिच्या डोक्यावरून गेलो. दुसरी, तेच. तिसरी, तेच. चौथ्या फेरीला खाटकीण किंचाळली, "अगं मावशे, उडी मार की!"

"मारीन, आणि उचलायला तू येशील!"

मालक मिशीतल्या मिशीत हसत होता. पण हळूहळू त्याचं हसू मावळलं. सगळे नाचून झाले होते. फक्त एकच उरली होती. पाचवी फेरी, आणि मी थेट मावशीच्या तळहातात!

काय नाचली म्हणता! गुडघे कुठले, पायांत चक्रीवादळ! गल्लीतले पत्रे उडाले, हे मात्र अगदी खरं. तिने मला असं हाणलं की माझ्या पोटाला ही चीर पडली. मग तिने पुढे फेकलं, आणि मी पडलो तो नेमका मालकाच्या हातात. एकही माणूस न चुकवता परत!

"नेरेइदा," तो धापा टाकत म्हणाला, "आणि दर सातव्याला फेकला असता तर?"

"तरी तेच. आकडा अडेल असला की कितव्यालाही फेका, कुणी सुटत नाही!"

आता चिरेवर दोरा गुंडाळलाय, आवाज थोडा घोगरा झालाय, पण घरी कुणाला पाठवत नाहीत. उलट मालकच अडेल आकड्यासाठी दारोदार माणसं शोधत फिरतो. पण मोठ्या आकड्यांत ते लवकर सापडत नाहीत हो. एकोणनव्वदनंतर थेट सत्त्याण्णव! यंदा आम्ही त्र्याण्णव झालोय आणि ढोल तापलेत. चार जण कमी आहेत. नाचता येत नसलं तरी चालेल. येता का?