आशाबाईची खडीसाखर

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाच्या दारातलीच आहे. पण ऐकून राग आला तर गिळू नका.

दर्यापूरकडच्या आमच्या गावात आशाबाई कीर्तनात धृपद धरायची. तिनं सूर उचलला की मागची पोरंही मोबाईल खिशात घालत. तिला मधुमेह होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. तेच नडलं.

यंदाच्या सप्ताहात ती गाता गाता थांबली. छातीवर हात, कपाळावर घाम.

"साखर उतरली तिची," कीर्तनकार पुंजाजी बुवा म्हणाले. "प्रसाद द्या तिले."

"साखर नाही, बुवा. छाती फडफडून राहिली. ठोका चुकते."

"तुले काय समजते? खाय मुकाट्यानं."

बायांनी मूठभर खडीसाखर तिच्या तोंडात कोंबली. मेडिकल समोरच होतं, पण साखर मोजून पाहावी असं एकालाही सुचलं नाही. मग हेच रोज झालं. शेवटी डॉक्टरकडे नेली, तर साखर चारशेच्या वर.

"तोंडावर ताबा ठेवा, बाई," डॉक्टर म्हणाला.

"ठेवतो जी. पण छातीचं पाहा ना."

"साखर उतरली की छातीही शांत होईल."

मनगटाला बोट लावलं नाही त्यानं. मधुमेह झाला म्हणजे माणसाला काळीज उरत नाही काय?

काल्याच्या दिवशी तिच्या हातून टाळ गळला, तोंड वाकडं झालं. सून आरतीनं तिला अकोल्याला नेलं. तिथं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढताच कळलं: ठोके बेताल पडत होते, त्यातून हृदयात गुठळी धरली, ती मेंदूत गेली. आता ठोके आवरायची गोळी आहे, रक्त पातळ ठेवायची आहे, साखरेचीही बदलून दिली. हेच आधी झालं असतं तर बहुतेक सूर वाचला असता.

आता ती मागे बसते. ओठ हलतात, शब्द निघत नाही. काल बुवांनी प्रसाद पुढे केला. तिनं मूठ उघडली नाही.

"देवाची मर्जी," बुवा पुटपुटले.

"देवाले मधात आणू नका, बुवा," मी म्हटलं. "बाई सोताच्या तोंडानं सांगून राहिली होती."

चला, टाळ वाजू लागले. कोणी मधुमेही छाती धरून बसला, तर आधी साखर मोजा, नाडी पाहा, दवाखान्यात न्या. अन् तो काय म्हणतो ते ऐका. ऐकताना आमच्या आशाबाईची आठवण ठेवा.