टाळ्यावाल्यांचा कोंबडा

"मंडळी, या गंगाफळाला साधं समजू नका," अमृतने तो लाल भोपळा डोक्यावर उचलून धरला. "याच्या वेलाने पारोळ्याचा रस्ता अडवला होता. शेवटी एस्टी वेलावरूनच काढली, तर डायव्हर म्हणतो, खड्ड्यांपेक्षा हे बरं. बोला, शंभर एक!"

मंडपात हशा पिकला आणि गंगाफळ तिप्पट भावाला गेलं. धुळ्याच्या जुन्या मिशनच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला लोक पहिलं पीक आणतात. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो, आणि तो पुकारावा अमृतनेच. उभा जन्म त्याने पारोळ्याच्या बाजारात धान्य पुकारलं होतं. त्याच्या तोंडून निघालेलं वांगंही घोड्याएवढं होई.

लोक त्याच्या थापा थापा म्हणूनच ऐकत. एकच मात्र सगळ्यांनी खरी धरली होती. आपला बाप शिंदखेड्याचा प्रचारक, गोऱ्या साहेबाच्या घोड्याचा लगाम धरून गावोगाव फिरलेला, असं तो सांगे. त्याच थापेवर त्याला प्रमिलाबाईसारखी बायको मिळाली. तिच्या आजोबांचं नाव मंदिराच्या पहिल्या बाकावर कोरलेलं आहे. खरं पाहता बाप सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची फुलं वेचायचा, आणि घोडा त्याने पाहिला असेल तर फौजदाराचा. अमृतही तिथे अमृत नव्हता. ते नाव मिशनच्या बोर्डिंगात मिळालं.

धुळ्यात तीन ख्रिस्ती जमले की चार मंडळ्या होतात, असं अमृतच म्हणायचा. जुन्या मिशनचे बाकावर बसून, मान खाली घालून गातात. फादरवाले गुडघे टेकतात. डोंगराकडचे नवे हात वर करतात, रडतात, टाळ्या वाजवतात, म्हणून ते टाळ्यावाले. बाहेरच्यांना यातलं काही कळत नाही, त्यांच्या लेखी सगळेच फादरवाले. आत मात्र कोण कुणाला मुलगी देतो, इथपर्यंत हिशेब चालतो.

यंदा वावटळीत टाळ्यावाल्यांच्या प्रार्थनाघराचे पत्रे उडाले. तरणे पाळक किरणसाहेब म्हणाले, लिलावाचे पैसे त्या पत्र्यांना देऊ आणि त्यांनाही सणाला बोलावू. पंचांनी नाकं मुरडली, पण होकार दिला. जीपभर माणसं आली आणि मागच्या सतरंजीवर अंग चोरून बसली.

त्यांच्यातली एक म्हातारी कोंबडा घेऊन पुढे आली. काळा-तांबडा, पायाला चिंधी बांधलेला. अमृत तिच्याकडे न बघता कोंबडा घ्यायला वाकला आणि चिंधी सुटली.

कोंबडा आधी बायकांच्या डोक्यांवरून गेला. मग बाजाच्या पेटीवर उतरला, आणि त्याच्या पायाखालून असे दोन सूर निघाले की पेटीवाल्या लताबाईंना ते पुढे कधी जमले नाहीत. भाईदास पंचांनी झेप घेतली ती थेट तांदळाच्या टोपलीत.

"पंच, आधी तांदळाची बोली लागू द्या," कुणीतरी ओरडलं.

कोंबडा शेवटी अमृतच्या पायाशी आला. त्याचे हात आपोआप खाली गेले. एक हात छातीखाली, दुसऱ्याने डोकं हलकेच पंखाखाली खुपसलं, आणि पोराला जोजवावं तसे झोके दिले. कोंबडा निपचित झोपला. डोंगरात त्याचा बाप असंच करायचा.

म्हातारी एकटक बघत होती. ती हळूच म्हणाली, पण माइक अमृतच्या बगलेत होता आणि तो चालू होता.

"दिवल्याभाऊ? तू शेस का?"

मागच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेलं. प्रमिलाबाईंनी मान वळवली.

ही गुंता होती, त्याची धाकटी बहीण. याच हातांनी तिला पाठीशी बांधून तो रानात हिंडला होता. माय गेली तेव्हा तो तिला शेवटचा भेटला. तेव्हा गुंताच्या तोंडात सगळे दात होते.

"मंडळी," अमृत म्हणाला, आणि जीभ आपल्या वळणाने धावली, "अक्काला ऊन लागलं वाटतं. मी शिंदखेड्याचा अमृत. पण भाऊ म्हणालीच आहे, तर ओवाळणी म्हणून भाईदास पंचांना घेऊन जा."

मंडप हसला. बायबलात पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा निदान कोंबडा आरवला होता. हा पंखाखाली डोकं घालून झोपला होता, आणि त्याला झोपवलं होतं अमृतनेच.

थांबला असता तरी चाललं असतं. पण लोकांनी मागचा शब्द विसरावा म्हणून तो पुढे बोलत सुटला. "हा टाळ्यावाल्यांचा कोंबडा बरं का. पहाटे आरवत नाही, दोन्ही पंख वर करून रडतो. कोंबड्या टाळ्या देतात, तेव्हा कुठे सूर्य उगवतो. रश्श्यात टाकाल तर पातेलं नाचेल. बोला!"

लोक पोट धरून हसले. सतरंजीवरच्यांना सगळं कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तेही हसले. गुंताबाईही हसली, तोंडावर पदर धरून. कोंबडा कधी नव्हे इतक्या भावाला भाईदास पंचांकडे गेला. किरणसाहेब तेवढे खाली बघत होते.

प्रमिलाबाई उठून पुढे आल्या. आवाज गोडच होता. "अहो, ओळखता का तुम्ही यांना?"

अमृतने तोंड उघडलं.  मग माइक या हातातून त्या हातात घेतला.

गुंताबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती प्रमिलाबाईंकडे वळली.

"नही अक्का. मना भाऊ असाच कोंबडा धरे. म्हणीसन भुलनू मी."

"असं होय. कुठे असतात ते?"

"तो आते नही शे. लहानपणीच गया." तिने खालची चिंधी उचलली, झटकली आणि कमरेला खोचली. मग अमृतला हात जोडले. "सलाम साहेब. तुमनामुळे आमना पत्रा व्हतीन."

ती मागे जाऊन आपल्या माणसांत बसली. लगेच जीपवाल्याने हॉर्न दिला. घाट उजेडातच चढायचा म्हणून ती माणसं न जेवताच निघाली. फाटकाशी त्यांनी एक गाणं धरलं. जीप वळली तरी त्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"पुकारा ना अमृतनाना," पोरं ओरडली. पुढ्यात एक दुधी ठेवला होता. मंडळी हसायच्या तयारीत बसली होती.

अमृतने दुधी उचलला. हात अजून वाकलेलेच होते, छातीशी काहीतरी धरल्यासारखे. त्याने माइक तोंडाशी नेला.

"हा दुधी आहे," तो म्हणाला.

आणि तेवढंच.