फाटेनासं झालेलं जाळं

सुई बोलतेय मी. कपडे शिवायची, नाजूक नेढ्याची ती नव्हे. मासे धरायचं जाळं सांधायची. वीतभर लांब, पसरट, शिंगाची. माझ्या पोटात जीभ कोरलेली आहे, तिच्याभोवती दोरा गुंडाळतात. जीभच पोटात असल्यामुळे पोटातलं ओठावर यायला मला वेळ लागत नाही. ज्याला राग येणार असेल त्यानं आत्ताच उठावं.

मला घडवलं माझ्या मालकिणीच्या सासऱ्यानं. दारात बसून, शिंग उकळून, काचेच्या तुकड्यानं घासून घासून. पुष्कळ वर्षं मी सासूच्या हातात होते. मग एके दिवशी तिनं मला नव्या सुनेपुढे टाकलं. "घे. स्वयंपाक नाही आला तरी चालेल, हे आलं पाहिजे."

सून फटकळ. म्हणाली, "दोन्ही येतं. तुम्ही फक्त खायला आणि बघायला या."

तेव्हाच मी ओळखलं, हिच्याशी आपलं जमणार.

आम्ही बसायचो नदीकडच्या पायऱ्यांवर. जाळं पसरायचं, भोकं शोधायची आणि प्रत्येक भोकापाशी थांबून सांगायचं, हे कुणाचं काम. आरपार घुसलेलं, दोरे पिळवटलेले, तो शिंगाळा मासा; त्याच्या पाठीला काटा असतो. लांबच लांब चावलेलं, ते पाणमांजर. फुकट खायची सवय. खालच्या अंगाला ओरबाडलेलं, ते कासव. कासवाचं भोक निघालं की सासू सगळ्या शेजारणींना दम भरायची, "त्या वळणाला आता कुणी जाळं टाकायचं नाही. बाळंतपणाला आलीय ती." आणि कुणी टाकायचं नाही. अशी भोकं बुजवता बुजवता अख्खी नदी सांगून व्हायची. कुठे पाणी खोल, कुठे कुणाचं घर, कुणाला कधी सतवायचं नाही. टाळ्या कुणी वाजवत नसे. हात मोकळे कुठे होते?

मग जाळं फाटेनासं झालं.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! माणसांचं असंच. शेजारच्या घरातली भांडणं ऐकू येईनाशी झाली की म्हणतात, सुखात आहेत हो. आत जाऊन बघत कुणी नाही. वरच्या अंगाला वाळू उपसायचे पंप बसले होते. त्याच्याही वरून कारखान्याचं कोमट पाणी यायचं. जाळं जसं जायचं तसं परत यायचं, धुतलेल्या पडद्यासारखं. मालकीण ते झटकायची आणि मला खुंटीला अडकवायची. दोघीही बेकार.

त्याच सुमारास काठावर केंद्र निघालं. नदीची गोष्ट सांगायचं केंद्र. मोठ्या मोठ्या काचा, गार हवा आणि आत भिंतीतून नदीचा आवाज. बाहेर नदी आहे, पण तो आवाज काचेतून आत येत नाही म्हणून विकत आणलेला. मालकिणीच्या लेकीला तिथे नोकरी लागली, आलेल्यांना हिंडवून माहिती द्यायची. त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार पहिल्यांदाच आला. लेक भांडी घासता घासता 'जैवविविधता, जैवविविधता' पाठ करायची. आई म्हणायची, "केवढा गं शब्द! जाळ्यात मावायचा नाही."

केंद्राच्या साहेबांना एक जिवंत परंपरा बसवायची होती. लेकीनं आईचं नाव सुचवलं. मालकीण मला आणि जाळं घेऊन हजर झाली. साहेबांनी जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं.

"मावशी, हे फाटलंय कुठे?"

"फाटत नाही आता."

"मग तुम्ही इथे करणार काय?"

"बसणार. तुम्हीही बसताच की."

लेकीनं आईला जोरात चिमटा काढला. "उद्या फाटलेलं असेल, साहेब," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लेक कात्रीनं जाळ्याला भोकं पाडू लागली आणि आई दिवसभर ती बुजवू लागली. कात्रीचं भोक मला शिरल्याबरोबर कळतं. कडा इतक्या सभ्य! मासा असा फाडत नाही. तो जीव वाचवायला फाडतो, त्याला नीटनेटकेपणा कसा सुचेल?

मालकीण मात्र रंगात आली. "हा बघा, शिंगाळा. एवढा होता, माझ्या हाताएवढा." दुपारपर्यंत तोच शिंगाळा मांडीएवढा व्हायचा.

"आई, जरा आवर की," लेक कुजबुजायची.

"तू कात्री मोठी चालवलीस, मी काय करू?"

लोक फोटो काढायचे. लहान मुलं पाणमांजराचं भोक बघून आ वासायची. साहेब खूश, लेक खूश. मीही बोलले नाही. खुंटीपेक्षा बरं होतं ते.

एक दिवस मोठ्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. वाळूच्या पंपांना परवानगी द्यायची की नाही, ते त्यांच्या हातात. आमच्या घराखालच्या वळणाला एक खोल डोह आहे. नदी आटली की उरलेसुरले मासे तिथेच तग धरतात. पंपवाल्यांचा डोळा त्याच डोहावर होता. मॅडम बिचाऱ्या भल्या होत्या. खाली बसल्या, चौकशी केली.

"रोज इतकं फाटतं?"

"रोज!" मालकीण छाती पुढे काढून म्हणाली.

"म्हणजे वर पंप चालू असूनही मासा भरपूर आहे," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "मग डोहात पंप बसवायला माझी हरकत नाही. मला वाटलं होतं, नदीचं फार नुकसान झालंय. बरं झालं इथे आले."

मालकिणीचा हात जागच्या जागी थांबला. मी अर्ध्या गाठीत अडकून राहिले. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं बारीक मान हलवली, गप्प बस म्हणून.

"ती कात्री आण," मालकीण म्हणाली.

"आई, नको ना गं."

"आण म्हणते ना."

लेक हलली नाही. मग मालकीण स्वतः उठली, लेकीच्या पिशवीतून कात्री काढली आणि मॅडमच्या हातात ठेवली. "हा घ्या शिंगाळा. रोज हाच फाडतो. पाणमांजर हेच, कासवही हेच. खरे जे काय थोडे उरलेत ते त्या डोहात लपलेत. तेवढं घर तरी राहू द्या त्यांचं."

साहेब हसले. "मावशींचा स्वभाव भारी विनोदी हं!"

"विनोद कसला? पगार घेऊन खोटं बोलत होते. देत तुम्हीच होतात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जाळ्यातल्या भोकाची कड बोटांत धरून निरखून पाहिली आणि त्या निघून गेल्या.

डोहात पंप बसायचा थांबला. सध्यापुरता, असं म्हणतात. केंद्रात आमच्या जागी आता पडदा आहे, त्यावर एक बाई गोड हसत जाळं विणते. ती उलट बोलत नाही. लेकीची नोकरी गेली, आणि तिनं आईशी बोलणं टाकलं. जेवताना ताटं आपटायची, तेवढाच काय तो संवाद. मी परत खुंटीला.

आज मालकिणीनं डोहाच्या अलीकडे जाळं टाकलं. ओढताना जड लागलं, मग एकदम हलकं. वर आलं ते रिकामं, आणि मधोमध भगदाड. ती पायऱ्यांवरच बसली, भोकात हात घालून.

"ए! बाहेर ये आधी!"

लेक दारात आली. तिनं भोक पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं, "मी नाही केलं हं."

"कळतंय मला."

लेक पायऱ्या उतरून खाली आली. तिनं पिळवटलेले दोरे एकेक करून चाचपले. "शिंगाळा?"

"मेल्या, सगळी भोकं बुजवलेलं जाळं होतं!" मालकीण पाण्याकडे बघून ओरडली. "तुझ्या बापानं आणलं होतं का रे?" आणि शिव्या देता देता हसत सुटली.

बाबांनो, नदीचं भलं चिंतायची हौस असेल, तर आमचं जाळं फाटू दे एवढंच चिंता. भाषणं नकोत, पडद्यावरच्या बाया नकोत. चांगलं टराटरा फाटू दे.

आता मला सवड नाही. लेकीनं मला खुंटीवरून काढलंय आणि माझ्या जिभेभोवती दोरा गुंडाळायला घेतलाय, तोही उलटा. आई शेजारी बसून बघतेय, आणि गप्प आहे. ही बाई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघतेय.