पांढऱ्या भिंतीचा रंग

"भिंत पांढरी आहे म्हणून पांढरी रंगवू नकोस, ताई. आधी जाऊन बघ."

योस्तचं हे बोलणं अजून कानात आहे. माझा धाकटा भाऊ आयुष्यभर हार्लेमच्या मोठ्या चर्चचा आतला भागच रंगवत राहिला. रंग घोटून द्यायला मी. शेवटच्या चित्रातली एक भिंत तेवढी राहिली आणि त्यानं अंथरूण धरलं. ती मी पुरी करीन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून करीन, असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. त्याला झोप लागावी म्हणून मी हो म्हटलं. जाणार नाही, हे मनात ठाऊक होतं.

नव्या पंथाच्या लोकांनी तिथल्या वेद्या फोडून भिंतींना चुना फासला, तो आजीच्या काळात. तेव्हापासून आम्हा जुन्या पंथाच्या लोकांची प्रार्थना लपूनछपून, एका घराच्या माळ्यावर. तिथेच मी अविवाहित राहण्याचं व्रत घेतलं, आणि सोबत आणखी एक: मोठ्या चर्चमध्ये पुन्हा आमची मिस्सा-प्रार्थना होईपर्यंत त्याचा उंबरा ओलांडायचा नाही.

योस्तला त्याच चर्चच्या फरशीखाली पुरलं. आमच्याकडे बायका प्रेतामागे जात नाहीत. मी घरी भांडी घासली. रडू आलं नाही. जपाचे मणी रोजच्यासारखे सरकत राहिले.

मग घरी बसूनच भिंत रंगवली, निव्वळ पांढऱ्यानं. शेजारची आल्ये धुलाईच्या कुरणावर कापडं वाळवते. ती चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

"अगं, खांब त्याचे, उजेड त्याचा. मधेच ही माझी चादर कुणी वाळत घातली?"

खरंच तशी दिसत होती. ओला रंग मी सुरीनं खरवडून काढला.

माळ्यावर फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी फार विचारलं नाही, व्रत बदलून दिलं. चर्चमध्ये जा म्हणाले, त्याऐवजी शनिवारचं लोणी सोड, जन्मभर.

"लोण्यावर सुटलीस," आल्ये म्हणाली. "माझ्याकडून त्यांनी चीजसुद्धा काढून घेतलं असतं."

मला हलकं वाटलं नाही. जडही नाही.

आज ऊन पडलंय. योस्त याच वेळेला निघायचा. सकाळची प्रार्थना आटोपली, काळी ओढणी डोक्यावरून घेतली. त्याच्या रंग ठेवायच्या शिंपल्यांत पांढऱ्यासोबत पिवळी माती, काजळी आणि किंचित लाल भरून घेतलं. दार ओढून घेतलं आणि चर्चच्या चौकाकडे चालू लागले.