फडातला बाप्तिस्मा

मरियामाउलीच्या टेकडीवरची त्या वर्षीची यात्रा प्रापंचिकांच्या नावानं होती. प्रापंचिक म्हणजे आम्ही. जे फादर नाहीत, सिस्टर नाहीत, ते सगळे. नव्या फादरांनी मांडवात उभं राहून आमचं इतकं कौतुक केलं की ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. तुम्हीच चर्चचा कणा आहात, म्हणाले. आणि त्याच मांडवात, वेदीशेजारच्या स्टुलावर, पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता. तो माझ्या पोरीसाठी होता.

माझ्या धनश्रीला त्या दिवशी पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. पांढरा फ्रॉक शिवला होता, शेवगावच्या बाजारातून पांढरे बूट आणले होते. यात्रेची वाट चालताना ते मळू नयेत म्हणून कार्टी अनवाणी चालली, बूट छातीशी धरून. आणि आदल्या रविवारी फादरांनी मला बोलावून सांगितलं की हिच्या बाप्तिस्म्याची खात्री देता येत नाही, पाणी घालताना नेमके शब्द म्हटले गेले की नाही कोण जाणे. यात्रेत सगळ्यांसमोर पुन्हा एकदा बाप्तिस्मा करून टाकू, मग प्रसाद. नाहीतर प्रसाद नाही.

कारण तिला पाणी घातलं होतं कडूबाईनं.

कडूबाई आमच्याच टोळीतली. दसरा झाला की आम्ही कोयते घेऊन कारखान्याकडं निघायचो ते उन्हाळ्यातच परतायचो. तिकडं उसाच्या फडाशेजारी कोपी टाकून राहायचं. तिथं फादर कुठून येणार? रविवारी ऊस तोडायला जायच्या आधी कडूबाईच सगळ्यांना गोळा करून प्रार्थना सांगायची. कुणाची मयत झाली तर क्रूस धरून पुढं चालायची तीच. माझी धनश्री फडातच जन्मली, दिवस भरायच्या आत. निळी पडली होती, रडत नव्हती. डॉक्टर लांब. कडूबाईनं पाटाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. माझ्या डोळ्यांसमोर घातलं. कुणाला शंका घ्यायची असेल तर त्यानं त्या दिवशी तिथं यायला हवं होतं.

चर्च कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब माझी समजूत काढायला आले. हे एकेकाळी आमच्याबरोबर ऊस तोडायचे, मग मुकादम झाले, आता कडक इस्त्रीत असतात. त्यांचं म्हणणं, तांब्याभर पाण्यानं काय बिघडतं, पोरगी काय विरघळणार आहे? मी म्हटलं, पोरगी नाही विरघळायची, पण कडूबाई खोटी ठरेल. तर म्हणाले, भारती, तुझी जीभ फार चालायला लागली. म्हटलं, मुकादमाच्या हाताखाली राहून आलेय, चालणारच.

वाईट याचं वाटलं की कडूबाईच खचली. टेकडी चढताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जाऊ दे गं भारती. माझंच कायतरी चुकलं आसंल. पोरीचा सोहळा नको नासवू." उभ्या जन्मात हिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, मुकादमाचं नाही की कारखान्याच्या साहेबाचं नाही. तिला असं बोलताना ऐकून मला आधी रडू आलं, मग राग आला. राग बरा, निदान कामाला तरी येतो.

प्रवचन संपलं. फादरांनी तांब्यावरचं झाकण काढलं आणि धनश्रीला तिच्या बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारली, "मरिया, पुढं ये."

मी तिचा हात घट्ट धरला आणि उठून उभी राहिले. "हिचा बाप्तिस्मा झालाय, फादर," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा न्हाई हुनार."

फादर शांतपणे म्हणाले की यात कुणाचा अपमान नाही, फक्त शंका नको. मरियानं पुढं यावं.

फादर नवे, त्यांना कोण सांगणार? कडूबाईनं पाणी घातलं की पोरीचं नाव मरिया आणि पोराचं योसेफ. तिसरं नाव तिला कधी सुचलंच नाही, घरची नावं मग ज्यानं त्यानं ठेवायची. बायकांच्या बाजूनं एक मरिया उठली. तिच्यामागं काखेत लेकरू घेतलेली दुसरी. मग पुरुषांच्या बाजूचे योसेफ उठायला लागले. आम्हालाही तिनंच पाणी घातलंय, आम्हीही पुढं यायचं का, असं कुणीतरी विचारलं. काकासाहेब माईकवरून सगळ्यांना खाली बसायला सांगत होते. तेवढ्यात बाजाच्या पेटीमागून वृषाली उठली. ही काकासाहेबांची मुलगी, कॉलेजात जाणारी. ती फडात जन्मली हे टोळीतल्या आम्हा जुन्यांशिवाय त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. बापाकडं बघत ती म्हणाली की मीही मरियाच. काकासाहेबांनी माईक बंद केला आणि गपचूप खाली बसले.

फादरांच्या हातात तांब्या तसाच होता. त्यांनी मागं बसलेल्या कडूबाईला विचारलं, पाणी घालताना तुम्ही नेमकं काय म्हणायचात?

मला वाटलं, म्हातारी आता कोसळणार. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माणसांतून वाट काढत वेदीपर्यंत गेली. डोक्यावरचा पदर मागं सारला आणि पांढरं डोकं फादरांपुढं वाकवलं.

"माझ्या आईनं माझ्यावर म्हनलं तेच," कडूबाई म्हणाली. "मला बी फादरनं न्हाई, आईनंच पानी घातलं. ते खोटं आसंल तर माझ्यापासनं धरा. घाला."

फादरांचा हात वर गेला नाही. माणूस तरुण होता, वाईट नव्हता. हे मी आज म्हणते, त्या दिवशी म्हटलं नसतं. त्यांनी तांब्या स्टुलावर ठेवला आणि बसा आजी, म्हणाले.

"पोरीला प्रसाद मिळूस्तवर मी हितंच हुबी ऱ्हानार," कडूबाई म्हणाली.

आणि राहिली. वेदीच्या पायरीशी, उघड्या डोक्यानं. मुलांची रांग पुढं सरकली. धनश्रीची पाळी आली तेव्हा फादरांनी आधी कडूबाईकडं पाहिलं. मग वाकून म्हणाले, "मरिया, ख्रिस्ताचे शरीर."

धनश्री आमेन म्हणाली. तिच्या मागोमाग आम्ही सगळे म्हणालो, कारण उठलेल्या मरिया-योसेफांतलं अजून कुणीच खाली बसलं नव्हतं. मग कडूबाईनं पदर डोक्यावर घेतला.