होकार देणारा कंपायलर

परभणीत वसमत रोडला बन्सीधर शेठचं दुकान. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या पेट्या तिथं तयार होत. पेटीतला प्रोग्राम राजेश्रीचा आणि दुकानाच्या बोर्डावर फोटो शेठचा, अशी कामाची वाटणी होती.

यंदा शेठनी स्वस्तातली चिप आणली. लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल असा करून देणारा कंपायलरही मग नवा आला. "त्यात काय, बदलून टाक," शेठ म्हणाले, जणू बल्बच बदलायचा होता. राणीसावरगावचे शेतकरी रामहरी गुरुवारी पेटी बघायला येणार होते. "तवर झालं न्हाई तर काम पुण्याला देतो. मग तू मोकळी." मोकळी म्हणजे काय, हे राजेश्रीला चांगलं कळत होतं. परभणीत असलं काम देणारं दुसरं दुकान नव्हतं.

प्रोग्राम बांधायच्या, म्हणजे चिपसाठी तयार करायच्या आधी एक स्क्रिप्ट, छोटा तपासणीचा प्रोग्राम, कंपायलरला त्याच्या सेटिंगांबद्दल प्रश्न विचारायची: हा पर्याय चालतो का, तो जमतो का? ज्याला हो येईल तेच पर्याय खऱ्या बांधणीत वापरले जायचे. या नव्या गड्यानं, कंपायलरनं, सगळ्यालाच हो म्हटलं. जुनासुद्धा इतका हुशार नव्हता! आणि खऱ्या कामाला बसवला की पहिल्याच फाईलला अडायचा: हा पर्याय मला माहीत नाही. अरे, मग हो कशाला म्हणालास? राजेश्रीचं डोकं फिरलं. तिनं कंपायलर काढून पुन्हा टाकला, चिपला दोष दिला, शेवटी स्वतःलाच दिला.

बुधवारी दुपारी तिनं तेच प्रश्न स्क्रिप्टला बाजूला ठेवून स्वतः विचारले. तेव्हा कुठं चोरी सापडली. गडी हो म्हणायचा खरा, पण आधी हळूच पुटपुटायचा: पर्याय ओळखीचा नाही, सोडून देतो. स्क्रिप्टला ही पुटपुट ऐकूच येत नव्हती. गिऱ्हाइकासमोर पडद्यावर इशाऱ्याची पिवळी अक्षरं नकोत म्हणून शेठनीच ती लपवायला लावली होती. खऱ्या बांधणीत मात्र इशारा आला की काम थांबवायचं, हा राजेश्रीचा नियम. 'बघू की', 'होऊन जाईल' ऐकत मोठ्या झालेल्या पोरीला असला होकार ओळखता येऊ नये, याची तिला लाज वाटली.

तिनं एकच ओळ बदलली. तपासणीतही पुटपुटणं म्हणजे नकार धरायचा. बऱ्याच ठिकाणी 'नाही' आलं, स्क्रिप्टनं ते पर्याय गाळले आणि बांधणी सरळ पार पडली.

गुरुवारी रामहरींनी मोबाईल दाबला आणि मोटर सुरू झाली. ते खूश झाले. "साऱ्या गावाला लागतील. पेरणीच्या आदी होतील का?"

"होतंय की!" शेठ म्हणाले. "काय राजेश्री?"

एरवी तिनं मान डोलावली असती. पगार, खोलीचं भाडं, सगळं त्या मानेवरच होतं.

"न्हाई होत," ती म्हणाली. "निम्म्या होतील. बाकीच्या दिवाळीला."

शेठ भडकले. "हिचं ऐकू नका. काम पुण्याला द्यायलोय मी. तिकडं लगेच होतंय."

उठू लागलेले रामहरी परत खाली बसले. "शेठ, मागच्या साली बी तुमी होतंयच म्हणला होता. आमी अजून वाट बघायलोय." मग ते राजेश्रीकडं वळले. "ताई, निम्म्याच द्या. पर काम तुमच्याकडंच ऱ्हायलं तर. होतंय म्हणणारे आमच्या गावात बी लय हायत."

"ठेवतो की हिच्याकडंच!" शेठ लगेच म्हणाले.

राजेश्रीनं ते त्यांच्याकडून रामहरींसमोर पुन्हा एकदा वदवून घेतलं.